आंब्याच्या पट्टीतून विमा काढायचा का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

देवगड तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांचे यजमान मुंबईत एका कारखान्यात होते, पगारातून ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) कापला जायचा. २०२० च्या टाळेबंदीत नोकरी गेली आणि कुटुंब गावी परतलं. आता वडिलोपार्जित साठेक हापूस कलमं आणि ताई घरी करतात ती आमसुलं, आगळ, फणसपोळी यांवर घर चालतं. सासरे ७२ वर्षांचे, सासूबाई ६६ च्या, त्यांना दहा वर्षांपासून मधुमेह आहे. यजमान ४१ चे. मुलगी ११ ची, मुलगा ७ चा, त्याला पावसात दम लागतो.

फेब्रुवारीत शेजारच्या वाडीतल्या एका बागायतदाराला हार्ट अटॅक आला. कोल्हापूरला नेलं, अँजिओप्लास्टी झाली, बिल साडेतीन लाख. त्यासाठी त्याने वाशीच्या व्यापाऱ्याकडून पुढच्या दोन हंगामांची उचल घेतली. तेव्हापासून ताईंना झोप लागत नाही. ओळखीच्या एजंटाने सहाही जणांची मिळून १० लाखांची एकच पॉलिसी सुचवली आहे, वर्षाला ४६,५०० रुपये करासकट. 'सासूबाईंचा डायबेटीस फॉर्मवर लिहू नका, मी बघतो,' असंही तो म्हणाला. यजमानांचं म्हणणं, 'आपणाक काय होता? देव बघतलो.' रेशनकार्ड केशरी आहे, पण त्यावर सासू-सासरे आणि मोठ्या दिरांचं कुटुंब. ताईंचं चौघांचं नाव अजून मुंबईच्या कार्डावर. ताई विचारतात, 'सरकारी योजना गरिबांसाठी असतात, आम्ही ना धड गरीब ना श्रीमंत. मग मे महिन्यात आंब्याची पट्टी (विक्रीचे पैसे) येईल त्यातून हे पैसे भरून टाकावेत का?'

उत्तर

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वाटलं, प्रश्न पैशाचा आहे. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तुमच्या सगळ्या काळजीची किल्ली तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यात आहे: 'आमचं चौघांचं नाव अजून मुंबईच्या कार्डावर.' मी तिथूनच सुरुवात करते, कारण याच कागदापायी आमचं घर एकदा पोळलं आहे.

काही वर्षांपूर्वी श्रावणात माझ्या दादाच्या रात्री अकरा वाजता छातीत दुखायला लागलं. पाऊस कोसळत होता. गाडी मिळवून घाट चढून शहरातल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात पोचेपर्यंत पहाट झाली. काउंटरवर ४०,००० रुपये अनामत मागितली, आम्ही भरली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी आणायला खाली उतरले, तेव्हा जिन्यामागे एक टेबल दिसलं. त्यावर मोफत उपचारांच्या सरकारी योजनेची पाटी आणि मागे एक तरुण मुलगा बसलेला. तो आरोग्यमित्र, योजनेतल्या रुग्णांना मदत करणारा. त्याने रेशनकार्ड बघितलं, आधार बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, 'ताई, कार्डावर पेशंटचं नावच नाही.' दादा नोकरीला मुंबईला गेला तेव्हा गावच्या कार्डातून त्याचं नाव कमी केलं होतं. परत आल्यावर ते घालायचं राहून गेलं. आज घालू, उद्या घालू. वहिनीच्या पाटल्या गेल्या. केशरी कार्ड ट्रंकेत नीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेलं होतं.

म्हणून तुमच्या शेजाऱ्याबद्दल मला आधी हे विचारावंसं वाटतं: त्याच्याकडे विमा नव्हता म्हणून तो बुडाला, की त्या रात्री काउंटरवर योजनेबद्दल विचारायचं कुणाला सुचलं नाही म्हणून? अँजिओप्लास्टी ही महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसणारी शस्त्रक्रिया आहे. ज्या रुग्णालयात नेलं ते योजनेच्या यादीत होतं का, हृदयविकारासाठी होतं का, हे विचारून बघा. त्याचे गेलेले पैसे परत येणार नाहीत, पण तुमची भीती नेमकी कशाची आहे ते तुम्हाला कळेल.

आता 'सरकारी योजना गरिबांसाठी' या समजाबद्दल. एके काळी ते खरं होतं. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून ही आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली, २०१७ मध्ये महात्मा फुले यांचं नाव मिळालं. तेव्हा पिवळं आणि केशरी कार्ड, आणि वर्षाला दीड लाखाची मर्यादा. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती पांढऱ्या कार्डासकट राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली झाली आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख झाली. जुलै २०२४ पासून त्याप्रमाणे अंमल सुरू झाला. हप्ता शून्य. उत्पन्नाचा दाखला काढत फिरायला नको. म्हणजे तुम्ही 'ना धड गरीब ना श्रीमंत' असलात तरी योजनेच्या आत आहात, अडलं आहे ते फक्त कार्डावरच्या नावांवर.

तेव्हा ४६,५०० चा विचार करण्याआधी तहसीलच्या पुरवठा शाखेत जा. तुम्हाला दोन वाटा आहेत: गावच्या कार्डात चौघांची नावं घालणं, किंवा वेगळी चूल आहे म्हणून विभक्त कार्ड काढणं. मी विभक्त कार्ड काढा म्हणेन. ५ लाख हे कुटुंबाला मिळून असतात. दिरांचं, सासऱ्यांचं आणि तुमचं कुटुंब एकाच कार्डावर असेल, तर एका वर्षी दोन मोठी दुखणी आली की मर्यादा अपुरी पडायची. शिवाय उद्या वाटणीवरून काही बोलाचाली झाली, तर कार्ड कुणाच्या कपाटात आहे यावर तुमच्या मुलाचं ऑपरेशन अडायला नको. हे लिहायला कडू वाटतं, पण आपल्याकडच्या घरांत काय चालतं ते तुम्हीही जाणता. सासू-सासरे तुमच्याकडे राहतात की दिरांकडे, ते पत्रात नाही. जिथे राहतात तिथल्या कार्डावर असलेले बरे. रेशनकार्डाचा बारा अंकी नंबर आल्यावर सगळ्यांचं आधार त्याला जोडलेलं आहे ना आणि ई-केवायसी झालं आहे ना, हे रेशन दुकानदाराकडून खात्री करून घ्या. आधारावरचं आणि रेशनकार्डावरचं नाव एकसारखं हवं. माहेरचं नाव एकीकडे, सासरचं दुसरीकडे, यात आपल्या बायका हमखास अडकतात.

सासऱ्यांसाठी आणखी एक सोय आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं आणि त्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार देशभरातल्या यादीतल्या रुग्णालयांत होतात. ते गावातल्या सेवा केंद्रात निघतं, आशाताईही मदत करतात. फक्त आधी सासऱ्यांचं आधार काढून जन्मतारीख बघा, कारण वय आधारावरूनच धरतात. आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या आधारावर १ जानेवारी आणि अंदाजाने टाकलेलं साल असतं. घरात सगळे ७२ म्हणतात आणि कागदावर ६८ असतात, असं मी कितीदा पाहिलं आहे. चुकलं असेल तर शाळेचा दाखला शोधून आत्ताच दुरुस्तीला टाका.

एक घोटाळा वाटेतच निस्तरते, कारण तसा प्रश्न खूप वाचकांकडून येतो. 'आभा' कार्ड म्हणजे आरोग्य विमा नव्हे. तो तुमच्या तपासण्यांच्या नोंदी ठेवायचा चौदा अंकी नंबर आहे, त्यावर एक रुपयाचाही उपचार होत नाही. ई-श्रम कार्ड म्हणजेही आरोग्य विमा नव्हे. बँकेच्या पासबुकात मेअखेरीला ४३६ आणि २० रुपये कापलेले दिसतात, त्यातला ४३६ चा आयुर्विमा आणि २० चा अपघाती विमा, दोन्ही २ लाखांचे. पोस्टातला १० लाखांचा विमा अपघाताचा. हे सगळं असावंच, विशेषतः अपघाताचं, कारण तुमचे यजमान झेला घेऊन कलमावर चढतात आणि मे महिन्यात फांदीवरून पाय घसरून पडलेली माणसं आपल्याकडे दर हंगामात असतात. सातबारा असलेल्या घराला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनाही आहे. झाडावरून पडणं, सर्पदंश, वीज पडणं त्यात येतं, मृत्यू झाला तर वारसाला २ लाख मिळतात, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. पण यातलं काहीही मूतखडा, पित्ताशय, डेंग्यू किंवा हार्ट अटॅकला उपयोगाचं नाही. 'आमच्याकडे विमा आहे' असं म्हणणाऱ्या दहा घरांत पासबुक उघडलं की बहुतेक वेळा हे ४३६ आणि २० च निघतात.

मग योजनेचं कार्ड हाती आलं की खासगी पॉलिसी नकोच का? इथे तुमच्या यजमानांच्या बाजूनेही बोलायला मला आवडलं असतं, पण नाही बोलता येत. योजनेच्या दोन मर्यादा आहेत आणि कोकणात त्या जास्त बोचतात.

पहिली मर्यादा यादीची. २०२३ च्या निर्णयात १,३५६ उपचार धरले होते, पुढे यादी बदलत गेली. त्यात जे नाही ते नाही, आणि काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयासाठी राखून ठेवलेले आहेत. शिवाय एखादं रुग्णालय यादीत असलं तरी ते हाडांसाठी असेल, हृदयासाठी नसेल. दुसरी मर्यादा अंतराची. देवगडहून ओरोस, कणकवली, नाहीतर घाट ओलांडून कोल्हापूर. पावसात फोंड्याच्या नाहीतर करूळच्या घाटात दरड आली, की यादीतलं रुग्णालय कितीही चांगलं असो, तुम्ही घाटाखालीच. म्हणून कार्ड काढल्यावर दुसरं काम रुग्णालयांचं. योजनेची हेल्पलाइन १५५३८८ किंवा १८००२३३२२००, आयुष्मानची १४५५५. फोन लावा आणि विचारा: आमच्या जिल्ह्यात आणि कोल्हापुरात हृदयासाठी कोणती, अपघातासाठी कोणती, डायलिसिससाठी कोणती, लहान मुलांसाठी कोणती. कागदावर लिहून घ्या. यादी बदलत असते, म्हणून दर वर्षी गणपतीच्या आधी पुन्हा एकदा विचारा. तो कागद कपाटात नको. आपल्याकडे भिंतीवर कॅलेंडर असतं, त्याच्या मागे चिकटवा आणि मुलीला दाखवून ठेवा. अकरा वर्षांची मुलगी रात्री १०८ ला फोन लावू शकते, वाडीचं नाव आणि जवळचं देऊळ नीट सांगू शकते. ती गाडी फुकट असते.

रुग्णालयात गेल्यावर पहिलं वाक्य हे: 'आरोग्यमित्र कुठे बसतात?' अनामत भरायच्या आधी. तातडीची वेळ असेल, कार्ड घरी राहिलं असेल, तरी तसं सांगा, कागद मागाहून आणून देण्याची सोय आहे. योजनेत नाव नोंदल्यावर औषध, इम्प्लांट, जेवण यांचे वेगळे पैसे मागितले तर तिथेच हेल्पलाइनला फोन लावा. भांडायची गरज नाही, फोन लावलेला दिसला पाहिजे.

या दोन मर्यादांसाठी खासगी पॉलिसी घ्यायची. पण एजंटाने सुचवली तशी नाही.

सहा जणांना एका पॉलिसीत घालणं स्वस्त वाटतं, कारण हप्ता एक. प्रत्यक्षात अशा एकत्र पॉलिसीचा, म्हणजे फॅमिली फ्लोटरचा, हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. म्हणजे सासऱ्यांच्या ७२ वर्षांचा दर तुम्ही चौघं भरणार. आणि ज्यांच्यामुळे हप्ता चढला, त्या सासऱ्यांना वय वंदना कार्ड फुकट आहे. म्हातारी माणसं वेगळी, तरुण कुटुंब वेगळं, हे गणित बहुतेक घरांना लागू पडतं. तुम्ही नवरा-बायको आणि दोन मुलं, एवढ्या चौघांचाच ५ लाखांचा दर दोन-तीन कंपन्यांकडून मागवा. तो ४६,५०० च्या खूपच खाली आला पाहिजे.

त्या कागदावरचा 'कर'ही मला खटकला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी काढून टाकला आहे. पूर्वी १८ टक्के होता. तुमच्या ४६,५०० मध्ये तो धरला असेल तर खरी रक्कम साधारण ३९,४०० होते. एजंटाकडचा कागद जुना असू शकतो, वाईट शंका घेऊ नका. पण नवा मागून घ्या आणि कराच्या रकान्यात शून्य आहे का ते स्वतः बघा.

आता डायबेटीस न लिहिण्याबद्दल. ताई, यात मी मुळीच मऊ बोलणार नाही. हे करू नका. फॉर्मवर सही तुमच्या यजमानांची असेल, एजंटाची नाही. पॉलिसी सलग पाच वर्षं चालली की कंपनीला जुनी माहिती लपवल्याचं कारण काढता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच. पण त्या पाच वर्षांत सासूबाईंच्या पायाची जखम चिघळली आणि डॉक्टरने केसपेपरवर 'दहा वर्षांपासून मधुमेह' असं लिहिलं, की क्लेम नाकारला जाईल, पॉलिसीही रद्द होऊ शकेल. डॉक्टर ते लिहिणारच, लिहायलाच हवं. सहाही जणांची एक पॉलिसी असेल तर एका लपवाछपवीने सहा जणांचं छप्पर जातं. उलट खरं लिहिलं तर काय होतं? कंपनी हप्ता थोडा वाढवील, किंवा नाही म्हणेल. घेतलं तर आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं. २०२४ च्या एप्रिलपर्यंत हे चार वर्षं होतं. फॉर्म तुम्ही स्वतः भरा, भरलेल्या फॉर्मचा फोटो काढून ठेवा. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांच्या आत पटली नाही तर परत करता येते, त्या ३० दिवसांत ती एकदा तरी वाचून काढा.

मग सासूबाईंचं काय? त्यांच्यासाठी आत्ता महागडी पॉलिसी घेऊ नये असं मला वाटतं. पहिली तीन वर्षं मधुमेहामुळे उद्भवलेल्या कशालाही ती उपयोगी पडणार नाही आणि चार वर्षांनी त्यांना वय वंदना मिळेल. तोवर रेशनकार्डावरची योजना त्यांच्यासाठी आहेच. त्यांना खरी गरज आहे ती रोजच्या गोळ्यांची आणि तपासणीची, आणि साधा आरोग्य विमा तो खर्च देतच नाही. तो देतो अ‍ॅडमिट झाल्यावर. प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर-रक्तदाबाची तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात. तिथे नसेल ती गोळी जनऔषधी दुकानात मागा, ब्रँडचं नाव न सांगता औषधाचं नाव सांगून. वर्षातून एकदा डोळे, किडनी आणि पाय. पाय तर रोज रात्री. खळ्यात अनवाणी फिरतात ना? काजूच्या बागेत, गोठ्यात अनवाणी जाणं आधी बंद करा. मधुमेह्याच्या पायाला टोचलेला काटा कळत नाही, आणि त्या एका काट्याचा खर्च कधी कधी तुमच्या शेजाऱ्याच्या बिलाच्या जवळ जातो.

पॉलिसी निवडताना काय बघायचं, ते दोन गोष्टींपुरतं सांगते, बाकी तुम्ही विचारून घ्याल. एक, खोलीभाड्याची मर्यादा. समजा ३ लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीला दिवसाला एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये मान्य आहेत. तुम्ही ६,००० ची खोली घेतलीत. वाटतं, वरचे ३,००० आपण भरू. तसं होत नाही. खोली दुप्पट भाड्याची म्हणून डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च हेही निम्मेच मंजूर होतात. ते ८०,००० झाले असतील तर कंपनी ४०,००० देते. औषधं आणि इम्प्लांट यांवर ही कात्री चालत नाही, पण उरलेलं पुरेसं दुखतं. दाखल होताना दमलेल्या माणसाला कुणीतरी विचारतं, 'स्वतंत्र खोली देऊ ना?' आणि आपण मान हलवतो. तेव्हा मान हलवायची नाही. आधी मर्यादा सांगायची, मग खोली.

दोन, रुग्णालयांचं जाळं. कंपनी कितीही नामांकित असो, कणकवली, कुडाळ, कोल्हापूर आणि गोव्यात तिची कॅशलेस (बिल थेट कंपनी भरते अशी) रुग्णालयं कोणती, ती नावानिशी यादी मागा. मुंबईतली चारशे नावं तुमच्या कामाची नाहीत. मघाच्या योजनेच्या कागदाशेजारीच ही यादी लावा.

काय निवडावं ते कळेनासं झालं तर 'आरोग्य संजीवनी' नावाची पॉलिसी विचारा. विमा नियामकाने २०२० मध्ये ठरवून दिलेली ही एकसारखी पॉलिसी आहे. अटी सगळ्या कंपन्यांच्या सारख्याच, फक्त हप्ता वेगळा, त्यामुळे तुलना सोपी होते. खोलीला विम्याच्या रकमेच्या २ टक्के पण दिवसाला ५,००० पर्यंत, आणि प्रत्येक क्लेममधले ५ टक्के आपल्या खिशातून. भारी काही नाही, पण छुपंही काही नाही. पहिल्यांदाच विमा घेणाऱ्या घराला हा साधेपणा मोलाचा असतो.

आता पट्टीचं. तुमचं उत्पन्न एप्रिल-मेमध्ये एकदम येतं आणि जून उजाडला की खतं, शाळा, कौलं शाकारणं यात विरतं. म्हणून पॉलिसीची सुरुवात मे महिन्यातच करा. दर वर्षीचं नूतनीकरण मग मेमध्येच येईल, हातात पैसा असताना. डिसेंबरात सुरू केलीत तर मोहोराच्या फवारणीचा खर्च आणि हप्ता एकाच वेळी उभे राहतील, आणि त्या ओढाताणीत हप्ता चुकतो. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते. ती उलटली की थांबण्याची वर्षं पुन्हा पहिल्यापासून. ज्या वर्षी थ्रिप्स किडीने किंवा अवकाळीने हंगाम घालवला, त्या वर्षी विम्याची रक्कम कमी करून घ्या, पण खंड पडू देऊ नका.

आणि वाचलेल्या पैशाला दुसरीकडे पाय फुटू देऊ नका. समजा चौघांच्या पॉलिसीनंतर १५-२० हजार उरले, तर ते वेगळ्या खात्यात ठेवा. कोल्हापूरची गाडी, सोबतच्या माणसाचं राहणं-खाणं, आंबे उतरवायला लावलेला गडी, यातलं काहीही कोणताही विमा देत नाही. आमच्या दादाच्या वेळी रुग्णालयाबाहेर जो खर्च झाला त्याचा हिशेब वहिनी अजून सांगते.

यादीत न बसणाऱ्या दुखण्यासाठी मोठ्या शहरात जायची वेळ आली, तर धर्मादाय रुग्णालयांचा नियम लक्षात असू द्या. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर पहिली सोय, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुसरी. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्याला स्वतःहून भेटावं लागतं.

कंपनीने क्लेम नाकारला तर रडत बसू नका. लेखी कारण मागा, कंपनीच्या तक्रार कक्षाला लिहा, नियामकाचा क्रमांक १५५२५५ आहे. तेवढ्यानेही झालं नाही तर विमा लोकपाल. तुमच्या सिंधुदुर्गासाठी पुण्याचं कार्यालय, फी नाही, वकील नको.

एक गोष्ट मला राहून राहून टोचते आहे. पत्रात तुम्ही सगळ्यांची वयं लिहिलीत, सासूबाईंची साखर लिहिलीत, मुलाला पावसात दम लागतो तेही लिहिलंत. तुमचं वय कुठेच नाही. तुमची दुखणी तर नाहीतच. कोकमं फोडून, आगळ गाळून बोटं फाटलेली असतील, रात्री झोप नाही हे तर तुम्हीच लिहिलंत. हप्ता काढायला तुमचं वय लागेलच, पण त्याआधी एकदा उपकेंद्रावर जाऊन हिमोग्लोबिन, रक्तदाब, साखर बघून घ्या. काही निघालं तर तेही फॉर्मवर लिहायचं आहे. आणि नाही निघालं तर तुम्ही निरोगी असताना घेतलेली पॉलिसी हीच सगळ्यात स्वस्त पॉलिसी. घरातल्या बाईचा विचार ती आजारी पडल्यावर करायचा, ही आपली जुनी सवय आहे आणि ती मला मनापासून नको वाटते.

यजमानांशी वाद घालू नका. 'देव बघतलो' म्हणणारा माणूस बेफिकीर असतोच असं नाही. बऱ्याचदा आकडा ऐकून त्याची छाती दडपलेली असते. मुंबईत पगारातून आपोआप कापलं जायचं, आता स्वतःच्या हाताने काढून द्यायचं, हे जड जातं. त्यांना ४६,५०० सांगू नका. त्यांना सोबत घेऊन ओरोसच्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलापर्यंत एकदा जाऊन या, कुणी आजारी नसताना. काय कागद लागतात ते त्यांनाच विचारू द्या. मग चौघांचा दर समोर ठेवा, आणि तो किती पेट्यांचा होतो ते त्यांनाच मोजू द्या. पेट्यांचा हिशेब ते तुमच्या-माझ्यापेक्षा चांगला करतील.

क्रम मात्र उलटा होऊ देऊ नका. मुंबईच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला तिथल्या शिधावाटप कार्यालयातून मागवावा लागेल, त्याला दिवस लागतात, आणि लावणी सुरू झाली की तुम्हाला तहसीलला जायला सवड होणार नाही. तिथे कुणी भाऊबंद असतील तर त्यांना आजच फोन करा. रेशनकार्डाची आणि चौघांच्या आधारची झेरॉक्स त्यांना लागेल.